मामांचा हरवलेला तंबोरा

देवानं कान सगळ्यांना दिले, पण ते वापरायचे कसे हे फक्त आपल्यालाच सांगितलं, अशी माझ्या बायकोच्या मामांची ठाम समजूत आहे. श्रीवर्धनला सुपारीच्या वाडीत त्यांचं घर. दमट हवेनं गाण्याच्या तबकड्यांना बुरशी धरते म्हणून मामा त्या रिठ्याच्या पाण्यात धुतात आणि सावलीत वाळवतात. मामींच्या पैठणीला हे भाग्य कधी लाभलं नाही. तबकडी लागली की घरात कुणी बोलायचं नाही, शिंकायचं तर वाडीत जाऊन. एकदा गॅसवाला खांद्यावर सिलिंडर घेऊन दारात आला, तेव्हा नेमका विलंबित ख्याल चालू होता. मामांनी नुसता हात वर केला. सिलिंडर टेकवला तर आवाज होईल म्हणून बिचारा ख्याल संपेपर्यंत तसाच उभा राहिला. "त्याला गाण्याची जाण आहे," असं मामा अजून सांगतात.

गेल्या वर्षापासून मात्र मामांना तबकडीतला तंबोरा ऐकू येईना. गाणारा येतो, तबला येतो, मागचा तंबोरा गायब. मामांनी खाऱ्या हवेला दोष दिला, मग शेजारच्या पंपाला. वायरमनला बोलावून "तुमची वीज बेसूर झाली आहे," असं सुनावलं. त्यानं वर बघितलं. "काका, बल्ब तर पेटलाय. अजून काय पायजे?" मामांच्या तबकड्या वाजवायच्या यंत्राबद्दल ब्र काढायची सोय नव्हती, तरुणपणी हौसेनं घेतलेलं ते यंत्र म्हणजे घरातलं थोरलं माणूस. आम्हा बाकीच्यांना तो तंबोरा आधीही कधी वेगळा ऐकू आला नव्हता, त्यामुळे साक्ष द्यायलाही कुणी नाही. उरले कान. मामी मला मागच्या दारी नेऊन म्हणाल्या, "जावईबापू, ह्यांचे कानच गेले असणार हो. पण सांगायचं कुणी? गाणं गेलं तर हे जगतील कशावर?"

तेवढ्यात अलिबागच्या बाजूला एका तरुणानं तबकड्या ऐकण्याचा बार काढल्याचं कळलं. तिथले स्पीकर म्हणे कपाटाएवढे. मी मामांना गाडीत घातलं. दिघीहून आगरदांड्याला जाणाऱ्या फेरीबोटीत मामींच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलेली तबकडी त्यांनी तान्ह्या बाळासारखी मांडीवर धरली होती. बारच्या दारात मात्र ते थबकले.

"परत जाऊया, जावईबापू. फार गर्दी आहे."

आत चार माणसं होती. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की मामा घाबरले आहेत. इथेही तंबोरा आला नाही, तर दोष द्यायला जगात कुणीच उरणार नव्हतं. मला एकदम त्यांच्याबद्दल माया वाटली. मी त्यांचा हात धरून त्यांना आत नेलं.

मालकानं तबकडीवर सुई टेकवली. मामांनी डोळे मिटले. माझं गाण्याकडे लक्षच नव्हतं, मी त्यांचा चेहरा बघत होतो आणि तो काही केल्या हलत नव्हता. मी समोरचा पेला उचलला.

"तो बर्फ वाजवू नका," मामा डोळे न उघडताच पुटपुटले. "तंबोरा बोलतोय."

ओरडा खाऊन इतकं हायसं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

बाजू संपली तसे मामा उठले आणि मुलीचं लग्न ठरल्यासारखे ओळखीपाळखीच्या नसलेल्या त्या चौघांना सांगत सुटले, "आमचं यंत्र बिघडलंय! पार कामातून गेलंय!" मग मामींना फोन. पलीकडून एक बारीक हुंदका आला. तोही मामांना स्वच्छ ऐकू आला.

"अगं, रडतेस काय? यंत्र गेलंय, मी नाही!"

परतताना फेरीबोटीवर मी विचारलं, "मग आता घरी असंच भारी काहीतरी आणू या का?"

मामांनी मांडीवरची तबकडी नीट सावरली.

"नको हो," ते हळूच म्हणाले. "साधंच घेऊ, थोडं खरखरणारं. कान आज नाहीत गेले, पण कधीतरी जाणारच ना. त्या दिवशी दोष द्यायला घरात काहीतरी असू दे."