वाचत मी बसले होते

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. घरच्यांना नाही, मुलांना नाही. आणि मी किती बोलते ते आमच्या वाडीत कुणालाही विचारा – पाणी भरायला निघालेली बाई मला बघून दुसरी वाट धरते. इतकं बोलून बोलून एवढी एक गोष्ट मात्र मी तोंडात धरून बसले. ह्यांनासुद्धा सांगितलं नाही. ते गेले, तेही न कळता गेले.

रागापासून सुरुवात करते, कारण आधी राग आला आणि मग हे सगळं वर आलं.

परवा वाचनालयात गेले होते. मी अजून मुलांच्या कपाटाकडेच जाते बरं का. ह्या वयात! तेरा-चौदा वर्षांच्या पोरांसाठी लिहिलेल्या कादंबऱ्या म्हणजे माझा जीव. तिथे एक बाई आपल्या मुलीच्या हातातलं पुस्तक काढून घेत होती. "आठवीत गेलीस आता. ह्या गोष्टी वाचून वाया जायचंय का?" झालं! माझं डोकंच फिरलं. मी तिला भर वाचनालयात असं काही सुनावलं की पेपर वाचणारे म्हातारे माना वर करून बघायला लागले. पुस्तकानं कधी कोण वाया गेलंय? दाखवा मला एक तरी मुलगी!

ती बाई म्हणाली, "आजी, तुम्हाला काय करायचंय?"

मला काय करायचं होतं? तिनं मुलीला ऐकवलेलं ते वाक्य – शब्द वेगळे, अर्थ तोच – मीच एकदा बोलले होते. आणि मी बोलले तेव्हा ते खोटं आहे हे मला ठाऊक होतं. त्या बाईला बिचारीला निदान खरं वाटत तरी होतं.

थांबा, नीट सांगते.

मी चौथी शिकलेली. लग्न होऊन रत्नागिरीला आले तेव्हा अडखळत वाचायची. थोरला शाळेत जायला लागला तसे त्याच्या मराठीच्या पुस्तकातले धडे मी त्याच्या आधी वाचून संपवायची. मग शेजारणीनं मला एक जाडजूड कादंबरी दिली, बायकांची. तिच्यातली बाई पहिल्या पानावर रडायला बसली ती शेवटपर्यंत. सासू छळते, नवरा बोलत नाही, ही सहन करते. मला इतका संताप आला! घरात सहन करणं कमी पडत होतं म्हणून ते आणून परत वाचायचं?

आणि मग एकदा मुलांची कादंबरी हाती लागली. तिच्यात पोरी बॅटऱ्या घेऊन गुहेत शिरत होत्या, होडी वल्हवत होत्या, खोटं बोलणाऱ्या काकांना तोंडावर खोटारडे म्हणत होत्या. मी तेरा वर्षांची होते तेव्हा गवताचे भारे वाहत होते. चौदाव्या-पंधराव्या वर्षीही तेच, आणि सोळाव्या वर्षी डोक्यावर पदर. मधली जी वर्षं मला मिळालीच नाहीत ती त्या पुस्तकांत होती. कशी सोडू मी?

पण वाचनालयातले गृहस्थ हसले. "वहिनी, ही पोरांची आहेत. तुमच्यासाठी ही बाजू." बाजू म्हणजे कुठली? पाककृती, व्रतं आणि त्या रडणाऱ्या बायका. मुलांची पुस्तकं पाचवीच्या पुढच्या मुलाच्या नावावरच मिळायची, आणि थोरला अजून खालच्या वर्गात. मोठ्या बाईनं ती मागायची म्हणजे लाज. लाज कसली? आज विचारते. तेव्हा नाही विचारलं. तेव्हा मी कुमीचं नाव घातलं.

कुमी माझ्या नणंदेची मुलगी. नणंद गेली, तिचा नवरा मुंबईला नोकरीला, म्हणून पोर आमच्याकडे, मामाच्या घरी वाढत होती. हुशार! पण वाचनात नव्हे हो. पुस्तक उघडलं की तिला जांभया. तिचं डोकं गणितात. पेटीत किती आंबे बसतील, कसे लावले तर एक थर जास्त बसेल, हे गडी विचार करतायत तोवर ती सांगून मोकळी. मास्तर म्हणायचे, हिला पुढे शिकवा. शाळेतून येताना ती माझं पुस्तक बदलून आणायची. मी तिला त्यातली गोष्ट सांगायची, मासे साफ करताकरता. ते तिला आवडायचं. "मामी, तुम्ही वाचा, मी ऐकते," म्हणायची. एवढाच तिचा आणि त्या पुस्तकांचा संबंध. लक्षात ठेवा. एवढाच.

आता मे महिना. साल नेमकं कशाला सांगू, ऐंशीनंतरचं, कुमी सातवी पास झाली ते. सासूबाईंनी आंब्याची साठं घातली होती. पुण्याकडे आंबापोळी म्हणतात ती. रस आटवायचा, थाळ्यांत ओतायचा आणि अंगणात कडक उन्हात वाळवायचा. ऊन असेपर्यंत कुणीतरी राखत बसावं लागतं. कावळे असतात, आणि त्याहून वाईट म्हणजे गुरं. भातशेतं मोकळी झाली की आमच्याकडे गुरं सोडून देतात, ती पावसापर्यंत मोकाटच. म्हणून गडग्याचं, म्हणजे दगडी कुंपणाचं, बेडं – दोन खांबांत आडवे बांबू सरकवलेले असतात ते – माणूस आलं-गेलं की लगेच लावायचं. लहान पोरालासुद्धा सांगावं लागत नाही.

राखायचं काम कुमीचं होतं. मी म्हटलं, तू जा खाली गावात, वाचनालयात पुस्तकाचा दुसरा भाग परत आलाय का बघ, आला असला तर आपल्यासाठी बाजूला ठेवायला सांग. मी बसते इथे.

कारण पहिला भाग माझ्या हातात होता, आणि संपत आला होता. दीपगृहावर राहणारी एक मुलगी, बाप तापानं फणफणलेला, समुद्र खवळलेला. तुम्हीच सांगा, कोण थांबेल?

कुमी निघाली. "मामी, बेडं लावा हां," म्हणाली. लावते, म्हटलं. आणि फणसाच्या सावलीत जाऊन बसले, अंगणाकडे पाठ करून. ऊन डोळ्यांवर येत होतं म्हणून पाठ केली.

मान वर केली तेव्हा अंगणात गुरं होती. थाळ्या उलट्या पडलेल्या, एक पाडी साठं चाटतेय, दुसरीचे खूर रसात. सगळं संपलेलं. आणि मी काय केलं? हाकललं? ओरडले? पुस्तक तिथेच टाकलं आणि मागल्या दारानं आत गेले. मोरीवर बसून घासलेली भांडी परत घासायला लागले.

सासूबाईंची किंकाळी आली. "साठं गेली गो माझी! बेडं कोणी उघडं टाकलं?" मी हात पुशीत बाहेर आले, जशी काही आत्ताच ऐकते आहे. शेजारच्या जमल्या. आणि नेमकी तेव्हाच कुमी उघड्या बेड्यातून आत आली, धावत, घामाघूम. सासूबाईंच्या हातात पुस्तक. अक्षरओळख नसली तरी ते कुणाच्या नावावरचं हे त्यांना ठाऊक होतं.

"वाचत बसली मेली! गुरं शिरली तेव्हा पळाली, आणि आता हवा खाऊन येत्ये!"

"आजी, मी नव्हते इथे."

"मग काय मी वाचत होते?"

शेजारणी खो खो हसल्या. सासूबाईंनी कुमीच्या पाठीत धपाटे घातले, ते पुस्तकानंच. कुमीनं माझं नाव घेतलं नाही. नुसती माझ्याकडे बघत राहिली. तिला वाटत होतं मी सांगेन. मोठी माणसं आपणहून सांगतात असं वाटायचं वय होतं ते.

मी थाळ्या गोळा केल्या.

संध्याकाळी त्या थाळ्या ती माझ्याबरोबर धूत होती. हळूच म्हणाली, "मामी, दुसरा भाग ठेवलाय त्यांनी. उद्यापर्यंतच ठेवणार म्हणालेत."

तुम्ही म्हणाल, हाच का तुझा गुन्हा? साठं गेली, पोरीनं मार खाल्ला – घराघरातून होतं. नाही हो. मी अजून तिथवर आलेच नाही. येववत नाही म्हणून इतकी बडबड करते आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे कचेरीत जायला निघाले होते. ओटीवर चपला घालता घालता म्हणाले, "कुमीला हायस्कुलात घालायचं माझ्या मनात आहे. आई म्हणते नको, पुस्तकांनी डोकं फिरलंय तिचं. तू दिवसभर घरात असतेस. तुझं काय म्हणणं? खरंच इतकी वाचते का ग ती?"

माणूस सरळ होता. मी 'नाही' म्हटलं असतं तर त्यांनी ऐकलं असतं. पण 'नाही' म्हटलं की पुढचा प्रश्न आला – मग ती पुस्तकं वाचतं कोण? काल वाचत कोण बसलं होतं?

मी म्हटलं, "हो. फार वाचते. अभ्यासात लक्ष नाही तिचं."

पहिलं वाक्य भीतीनं बोलले म्हणा. दुसरं? ते मला कुणी विचारलं होतं?

हे बरं म्हणाले आणि गेले. बास. एवढ्यावर पोरीचा निकाल लागला. शाळा उघडायच्या आत तिला मुंबईला पाठवलं, ह्यांच्या चुलत बहिणीकडे, तिची लहान पोरं सांभाळायला. मास्तर घरी येऊन गेले, तर सासूबाईंनी त्यांना ओटीवरूनच चहा पाजून वाटेला लावलं.

ह्याची चीड येते हो मला, अजून येते! वाचणं हा गुन्हा कधीपासून झाला? समजा कुमी खरंच वाचत असती, तर? माझा थोरला पुढे नापास झाला तेव्हा त्याला शिकवणी लावली. त्याला नाही कुणी मुंबईला भांडी घासायला धाडलं. एका पोरीची शाळा चपला घालता घालता ठरते, आणि ती पहिल्या नंबरानं पास झाली हे एकाच्याही तोंडून निघत नाही? सासूबाईंवर मी चिडते, ह्यांच्यावर चिडते, त्या हसणाऱ्या वाचनालयवाल्यावर चिडते. पण ह्यांतल्या कुणालाही खरं काय ते माहीत नव्हतं. ते माहीत असलेली घरात मी एकटीच मोठी होते. मग ह्या सगळ्यांवर मी कुठल्या तोंडानं चिडते?

आणि ऐका – दुसरा भाग मी वाचला. शेजारच्या मुलाच्या नावावर आणवून, कुमी गेल्यावर. आवडला सुद्धा.

मग पुढे काही वर्षांनी तिला दाखवायला आमच्याच घरी आणलं. मुलाची आई म्हणाली, "सातवीच? पुढे का नाही शिकवलंत?" सासूबाई सांगायला लागल्या, "पुस्तकांचा नाद हो. गोष्टींच्या पुस्तकांनी खाल्लं तिला." आणि कुमी खाली मान घालून म्हणाली, "हो, मला फार नाद होता वाचनाचा. अभ्यासात लक्ष नसायचं."

माझं वाक्य. माझंच, जसंच्या तसं. कुणी सांगितलं होतं तिला? तिला ते खरं वाटायला लागलं होतं, की माझ्यासाठी ती तसं म्हणाली? मला आजतागायत कळलेलं नाही.

मुलगा खूश झाला. त्याला वाचणारी बायको हवी होती म्हणे. "काय वाचायचात?" कुमी काय सांगणार? मग मीच पोह्यांची ताटली खाली ठेवून सुरू झाले. दीपगृहाची गोष्ट सांगितली, दोन्ही भाग, तो खवळलेला समुद्र, तो तापात पडलेला बाप, सगळं रंगवून. हिला भारी आवडायची, म्हटलं. सगळे कौतुकानं ऐकत होते. कुमीही ऐकत होती. शेवट तीही पहिल्यांदाच ऐकत होती, हे त्या खोलीत तिला आणि मला दोघींनाच माहीत होतं.

लग्न ठरलं. नवरा भला निघाला. म्हणजे शेवटी बरंच झालं की, असं कुणी म्हणू नका. मी ऐकून घेणार नाही. तो हौसेनं पुस्तकं आणायचा आणि ती पाच-दहा पानं वाचून त्याच्यासमोर वाचल्याचं सोंग करायची, हे तिनंच मला एकदा हसत सांगितलं. मीही हसले. तेव्हाही हसलेच मी.

त्या वाचनालयातल्या बाईला मी जे ओरडून सांगितलं ते खरं आहे, आणि ते मी पुन्हा सांगेन. पुस्तकांनी कुणी वाया जात नाही. आमच्या कुमीची शाळा पुस्तकांमुळे सुटलेली नाही. तिनं त्यातलं एकही वाचलं नव्हतं. तिची शाळा मी सोडवली, ओटीवर उभी राहून, दोन वाक्यांत.