गुरुजींच्या पाठातली मठ्ठ पोरगी

“एकचतुर्थांश मोठा, गुरुजी. चार मोठे, तीन बारके.”

मी असं म्हणाले आणि सगळा हॉल हसला. जयसिंगपूरच्या एका अध्यापक विद्यालयाचा हॉल. समोर उद्याचे मास्तर आणि मास्तरणी वह्या उघडून बसलेल्या. मी स्टेजवर, फळ्यासमोर. चौथीतली पोर. गुरुजींनी फळ्यावर एकतृतीयांश आणि एकचतुर्थांश लिहिलं होतं आणि मला विचारलं होतं, यातलं मोठं कोणतं.

हसू ओसरेपर्यंत गुरुजी थांबले. किती थांबायचं ते त्यांना बरोबर कळायचं. मग त्यांनी हात माझ्या डोक्यापर्यंत नेला. टेकवला नाही. तसाच वर धरून समोर बघत म्हणाले, “हसू नका. हे मूल चुकलेलं नाही. याला शिकवणारा चुकला.”

टाळ्या पडल्या. मग त्यांनी पिशवीतून फडक्यात बांधलेल्या दोन भाकरी काढल्या. एकीचे तीन तुकडे केले, दुसरीचे चार. मला म्हणाले, “बाळ, भूक लागली आहे. कुठला तुकडा घेशील?”

मी तिनातला उचलला.

“का?”

“मोठा हाय, गुरुजी.”

“मग मोठं कोण?”

इथं मी डोळे विस्फारायचे, जरा वेळ थांबायचं आणि एकदम ओरडायचं. तसंच केलं. “एकतृतीयांश!” हॉल दणाणला. पुढच्या ओळीतली एक बाई पदरानं डोळे पुसत होती. गुरुजींनी तो तुकडा मला खायला दिला, वरून, ओंजळीत टाकून.

मला ते उत्तर येत होतं. आधीपासून येत होतं. एका भाकरीचे तीन वाटे आणि चार वाटे यातला फरक आमच्या घरात पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक होता. आत्याची पोरं राहायला आली की आमचा वाटा किती बारीक व्हायचा, ते फळ्यावर लिहून दाखवायची गरज नव्हती. चुकीचं बोलायला मला गुरुजींनी शिकवलं होतं.

गुरुजी आमच्या गावच्या शाळेचे. गाव पंचगंगेच्या काठी, शिरोलीपासून जवळच. माझे आबा शिरोलीच्या फौंड्रीत कामाला होते, आई दुसऱ्याच्या उसात. आम्ही बौद्ध. वस्ती गावाच्या कडेला. गुरुजी गावातले, मोठ्या घरचे. त्यांना राज्याचा आदर्श शिक्षक पुरस्कार मिळाला तेव्हा गावानं बैलगाडीतून मिरवणूक काढली होती. मी गाडीमागून धावले होते, ‘गुरुजींचा विजय असो’ म्हणत घसा बसेपर्यंत. खोटं कशाला सांगू, माझा फार जीव होता त्यांच्यावर. भिंतीकडच्या रांगेतून उठवून त्यांनीच मला पुढं बसवलं होतं. वर्गात पहिला नंबर माझा यायचा आणि गुरुजी तसं सगळ्यांसमोर सांगायचे. आबांपेक्षा मी त्यांना जास्त भ्यायचे आणि आबांपेक्षा त्यांचंच जास्त ऐकायचे.

पुरस्कारानंतर गुरुजींना अध्यापक विद्यालयांतून बोलावणी यायला लागली. नवे शिक्षक घडायचेत, त्यांना स्फूर्ती द्या म्हणून. गुरुजी भाषण करायचे आणि नमुना पाठ घेऊन दाखवायचे. नमुना पाठ म्हणजे चांगलं कसं शिकवावं ते दाखवायचा पाठ. त्याला पोरं लागतात. ती गुरुजी आपल्याच शाळेतली न्यायचे, एस.टी.त घालून. आणि त्यांच्या पाठाला एक मठ्ठ पोर लागायचं. ते चुकणार, मग गुरुजी भाकरी काढणार.

आधी हे काम पोलीस पाटलाच्या सदाला दिलं होतं. खरं तर सदाला अपूर्णांक येतच नव्हते, त्याला वेगळं काही शिकवावं लागलं नसतं. पण दुसऱ्या दिवशी पाटील चपला वाजवत शाळेत आले.

“काय वो गुरुजी, आमचं पोरगं येडं म्हणून गावोगाव दाखवनार व्हय?”

गुरुजी हसून हात जोडत म्हणाले, “न्हाय वो पाटील, तसं न्हवं.” आम्ही पोरं तोंडावर हात ठेवून खिदळत होतो. मीसुद्धा. त्याच दुपारी गुरुजींनी मला एकटीला बोलावलं.

“तुला एक काम सांगतो. दुसऱ्या कुनाला जमायचं न्हाय. चुकायला बी अक्कल लागती.”

मी हवेतच होते. चुकायलाही अक्कल लागते आणि ती माझ्याकडे आहे! शाळा सुटल्यावर आम्ही सराव करायचो. कधी हसायचं, कधी खाली बघायचं, बोट कसं तोंडात घालायचं. गुरुजी म्हणायचे, “लगीच नगं सांगू. वाईच थांब. त्येंना वाटलं पायजे, आता काय हिला कळत न्हाय.” मी थांबायला शिकले.

आईला मात्र ते पटलं नव्हतं. चुलीपुढं बसून तिनं मला विचारलं, “तुला येतंय न्हवं? मग येत न्हाय म्हनून कशाला सांगायचं?”

“तसं नाटक असतंय, आये.”

“नाटकात राजा हुत्यात लोकं. हे कसलं नाटक?”

तिला शाळेतलं काय कळतंय, असं मी मनात म्हणाले. आम्ही इचलकरंजीला गेलो, जयसिंगपूरला गेलो. पाठ झाला की आम्हा पोरांना बाहेर बसवून पोहे मिळायचे. आत गुरुजी भाषण करायचे. आत काय बोलतात ते आम्हाला कधी ऐकू आलं नाही, पोह्यांवरच ध्यान असायचं.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण त्या वर्षी चौथीची स्कॉलरशिपची परीक्षा होती. आमच्या घरात ठरलेलं होतं. स्कॉलरशिप मिळाली तर पुढं शाळा, नाहीतर चौथीनंतर आईबरोबर खुरपं. आबा वाईट नव्हते, पण खाणारी तोंडं जास्त होती. गुरुजींना हे सगळं माहीत होतं. त्यांनीच मला शब्द दिला होता, “पयलं नाव तुझंच.”

परीक्षेला कोण बसणार ते ठरवायला दिपोटी आले. दिपोटी म्हणजे शाळा तपासायला येणारे साहेब. गुरुजींनी आम्हाला ओळीनं उभं केलं. साहेबांनी एकेकाकडे बघितलं आणि माझ्यापाशी येऊन थांबले. जयसिंगपूरच्या पाठाला ते पुढच्या खुर्चीत बसले होते.

“अहो, ही तर तुमची भाकरीवाली!” साहेब खळखळून हसले. “हिला कशाला बसवताय? शाळेचं नाव घालवायचंय का? तिला तीन-चारातलं कळत नाही.”

मी गुरुजींकडं बघितलं. मला वाटलं, आता ते सांगतील. हसतील आणि म्हणतील, साहेब, तो पाठातला भाग होता, ही तर वर्गातली पहिली पोरगी. एवढंच बोलायचं होतं. एका वाक्याचं काम होतं.

गुरुजींनी माझ्याकडं बघितलं. मग खिडकीकडं. मग म्हणाले, “तेही खरंच आहे, साहेब.”

माझ्या जागी सदाचं नाव घातलं. पाटलाच्या सदाचं.

साहेब गेल्यावर मी गुरुजींच्या टेबलाशी उभी राहिले. रडायचं नाही असं ठरवलं होतं, तरी आवाज फुटला.

“गुरुजी, मला येतंय की.”

“येतंय गं, मला म्हाईत न्हाय व्हय? पर आता साहेबास्नी काय सांगू? पाठ खोटा हुता म्हनू?” ते इकडंतिकडं बघून हळू बोलत होते. “म्होरल्या आठवड्यात कोल्हापूरचा कार्यक्रम हाय. मोठी मानसं येनार हायत. तू गप ऱ्हा. सातवीला बी स्कॉलरशिप असती.”

सातवी! मला पाचवीसुद्धा दिसत नव्हती. मी घरी सांगितलं नाही. ज्या माणसावर आईबापापेक्षा जास्त विश्वास टाकला त्यानं असं केलं, हे कुणाला कसं सांगायचं असतं ते मला माहीत नव्हतं.

कोल्हापूरला गेलो. हॉल मोठा, वर पंखे, स्टेजवर माइक. गुरुजींना हार, श्रीफळ, फेटा. या वेळी पाठाआधी भाषण ठेवलं होतं, म्हणून आम्ही पोरं आतच, स्टेजच्या कडेला सतरंजीवर बसलो होतो. पहिल्यांदाच मी त्यांचं भाषण ऐकलं. बाहेरगावी गुरुजी शुद्ध बोलायचे.

“शिक्षक हा दिवा असतो,” असं बरंच काही झालं. मग त्यांनी माझ्याकडं बोट केलं. “या मुलीकडे बघा. गावकुसाबाहेरचं लेकरू. सात पिढ्यांत घरात पाटी नाही. बुद्धी जेमतेम. माझे सहकारी म्हणाले, दगडावर पाणी कशाला ओतता? पण मी हार मानली नाही. पद्धत असेल तर हिलासुद्धा कळतं. मग तुमच्या वर्गात कुणाला कळणार नाही?”

हिलासुद्धा.

हॉलमधली सगळी तोंडं माझ्याकडं वळली. काही दया करणारी, काही नुसती बघणारी. आईनं आदल्या दिवशी माझा परकर नदीवर आपटून धुतला होता. कोल्हापूरला जायचंय, लोकांत बरं दिसलं पाहिजे म्हणून. मी तो परकर मुठीत धरून बसले. तेव्हा मला पाटील आठवले, त्यांच्या वाजणाऱ्या चपला आठवल्या. मला अक्कल होती म्हणून गुरुजींनी निवडलं नव्हतं. माझा बाप शाळेत येऊन जाब विचारणार नव्हता, म्हणून निवडलं होतं. आबा तर शाळेच्या पायरीखाली उभं राहून बोलायचे.

“ये बाळ.”

मी स्टेजवर गेले. गुरुजींनी फळ्यावर लिहिलं.

“सांग बरं. यातलं मोठं कोणतं?”

मी थांबले नाही.

“एकतृतीयांश.”

गुरुजींचं हसू तसंच राहिलं. “घाई करू नको. नीट बघ. तीन आणि चार.”

“एकतृतीयांशच. तिघांत वाटलं की वाटा मोठा येतो. चौघांत बारका.”

भाकरी पिशवीतच. गुरुजी माइकपासून बाजूला झाले, माझ्या कानाशी वाकले. इतके जवळ ते कधी आले नव्हते. “चूक म्हण,” ते म्हणाले. “म्हण की गं.”

मी मोठ्यानं म्हणाले. मागच्या ओळीपर्यंत जाईल एवढ्या मोठ्यानं. “चूक म्हनायला तुमीच शिकवलंय, गुरुजी. मला पयल्यापास्नं येतंय. मी आता चूक म्हननार न्हाय.”

आता तुम्हाला वाटेल, हॉल हादरला असेल. तसं काही झालं नाही. गुरुजी क्षणभर चुळबुळले, मग माइकवर गेले आणि हसत म्हणाले, “बघितलंत? मुलं आधी पाठ करून येतात. म्हणून म्हणतो, घोकंपट्टी टाळा.” सगळे हसले. वह्यांत लिहून घेतलं. मला खाली बसवलं आणि शिंप्याच्या पोराला वर बोलावलं. तो बिचारा थरथरत ‘एकचतुर्थांश’ म्हणाला. भाकरी निघाली. टाळ्या पडल्या, नेहमीपेक्षा जास्तच. एवढे उद्याचे मास्तर बसले होते, एकानंही मला जवळ घेऊन विचारलं नाही की पोरी, तू आत्ता काय म्हणालीस?

परतीच्या एस.टी.त गुरुजी माझ्या पुढच्या बाकावर बसले होते. स्टँड सुटला. मग मान न वळवता म्हणाले, “खाल्ल्या घरचे वासे मोजतीस. तुला म्होरं बसवली ती चूक झाली माझी.”

कुणाच्या घरचं खाल्लं होतं मी? त्यांच्या उंबऱ्याच्या आत माझा पाय कधी पडला नव्हता.

आईला सगळं सांगितलं तेव्हा आधी तिनं माझ्या थोबाडीत दिली. “झालं. आता शाळा संपली बग तुझी,” म्हणाली आणि मला पोटाशी धरून रडली. ती म्हणाली तसंच झालं. चौथीनंतर माझ्या हातात खुरपं आलं. सदा स्कॉलरशिपला नापास झाला, गुरुजींचे सत्कार चालू राहिले. मी वर्षभर उसात राबले. पुढच्या जूनला कुणाला न विचारता शेजारच्या गावच्या शाळेत जाऊन पाचवीच्या वर्गात बसले आणि उठ म्हटलं तरी उठले नाही. आई दोन दिवस भांडली, मग गप्प झाली.

आता मी शिक्षिका आहे. हल्लीच गुरुजींचा निवृत्तीचा मोठा सत्कार ठरला. एक माणूस घरी आला. म्हणाला, “बाई, तुम्ही त्यांच्या हाताखालच्या. त्यांनी तुमच्या समाजातल्या पोरांना घडवलं, त्यावर दोन शब्द बोला.” मी म्हणाले, “येते की. पण जे घडलं तेच बोलेन.” आणि जे घडलं ते त्याला सांगितलं. चहा अर्धा ठेवून तो गेला. नंतर बोलावणं आलं नाही. लोक म्हणतात, म्हातारा माणूस आहे, सोडून द्या, अपूर्णांक तरी त्यांनीच शिकवले ना? शिकवले. म्हणून तर जास्त लागतं. शिव्या देणारा मास्तर असता तर मी केव्हाच विसरले असते. मी त्यांना माफ केलेलं नाही. करणारही नाही.

माझ्या वर्गातूनही स्कॉलरशिपला नावं जातात. दरवर्षी कुणीतरी साहेब येतो, वस्तीतल्या एखाद्या पोरीवर बोट ठेवतो आणि म्हणतो, “ही कशाला?” मी खिडकीकडं बघत नाही. त्याच्या तोंडाकडं बघते आणि सांगते, तिला येतंय, तिचं नाव राहील. यापायी एकदा माझी बदली झाली, लांब, जिथं एस.टी. पोचत नाही तिथं. परत बदली करा म्हणावं. तिथंही पोरी आहेत, तिथंही नावं जातात, आणि तिथंही मी बोलणार.