धूर, काजू आणि काकींची चादर

वेंगुर्ल्याला जायचं ठरलं ते एका फोनमुळे. सुलभा माझी जुनी विद्यार्थिनी. कोल्हापूरच्या कॉलेजात तिला मी रसायनशास्त्र शिकवलं. आता वेंगुर्ल्याजवळ तिचा छोटा काजू कारखाना आहे, कामाला नऊ बायका. "सर, भट्टीच्या धुरावरून शेजारच्या काकींनी ग्रामपंचायतीत तक्रार केलीय. पंधरा दिवसांत काही झालं नाही तर कारखाना बंद करावा लागेल. येऊन बघाल का?"

निवृत्त मास्तराला 'बघाल का' म्हटलं की झालंच! मी लगेच वही काढली आणि चिमणीत पाण्याचे फवारे सोडून धूर धुवायची आकृती काढली, तीही तीन रंगांत. "फिरायला चाललोय की प्रॅक्टिकलला?" माझी बायको मंगल म्हणाली, आणि पोहण्याचे कपडे माझ्या वह्यांच्या वर कोंबले.

मार्चमधली सकाळ. सहाला निघालो. गडहिंग्लज, आजरा, आंबोली हा रस्ता पाठ आहे. घाट उतरायच्या आधी आंबोलीत चहा आणि गरम भजी घ्याच. सावंतवाडीचा तलाव मागे टाकला की पाऊण तासात वेंगुर्ले. घरगुती खोली दोघांना दिवसाला दीड हजार, नारळाची झाडं फुकट. दुपारी सुरमईची थाळी साडेतीनशेला मिळाली. मंगलने सोलकढी चार वेळा मागितली, चौथ्यांदा माझ्या नावावर.

संध्याकाळी कारखान्यात गेलो. इथे भट्टीवर काजू-बी वाफवून गार करतात आणि पायाने दाबायच्या कटरवर एकेक फोडतात. टरफलात काळं, जळजळीत तेल असतं. म्हणून हाताला खोबरेल चोपडल्याशिवाय कुणी बीला हात लावत नाही. मला मात्र फोटो काढायचे होते, आणि तेलकट बोटांनी फोन कसा धरणार?

"मास्तरानू, आधी तेल लावा," कटरवरची रेश्मा म्हणाली.

"अहो, त्यात कुठलं आम्ल असतं ते मी पंचवीस वर्षं शिकवलंय!"

"ता तुमी पोरांका शिकवलास. तेलाक काय म्हायत?"

नऊच्या नऊ बायका हसल्या. मी हट्टाने बसलो, चौदा काजू फोडले आणि त्यांतल्या नऊंचे तुकडे केले. दुसऱ्या दिवशी सकाळी उजव्या हाताची तीन बोटं काळी पडली होती आणि फोड आले होते. मंगलने मला इडली भरवली. खानावळीतल्या लोकांना वाटलं, केवढं हे प्रेम!

त्याच अवतारात आम्ही सुलभाबरोबर काकींकडे गेलो. काकी साठीच्या, ओसरीवर नारळ सोलत बसलेल्या. आत त्यांचे यजमान पडून होते. त्यांना दमा आहे. धूर खाली आला की त्यांचा खोकला थांबत नाही. तो खोकला ऐकला आणि माझा उत्साह जरा ओसरला. तक्रार खोटी नव्हती. तरी मी वही उघडली आणि पाण्याने धूर कसा धुतला जाईल ते रीतसर समजावलं.

काकींनी शांतपणे ऐकलं. "आणि ता काळा पाणी खंय सोडतल्यात? माझ्या बावीत?"

विहीर समोरच होती. मी वही मिटली.

सुलभा हळूच म्हणाली, "सर, हरित रसायनशास्त्राचा पहिला नियम तुम्हीच फळ्यावर लिहायचात. घाण झाल्यावर धूत बसू नका, मुळात होऊच देऊ नका."

अरे देवा! दर जूनला मी तो नियम लिहायचो, खाली दोन रेघा मारायचो. आणि स्वतः काय आणलं, तर घाण धुरातून पाण्यात हलवायची आकृती. मला लाज वाटली, अगदी खरी.

तेवढ्यात काकींनी माझा हात ओढून सुलभासमोर धरला. "ह्यांची बोटां बघ गो. ह्याच तेल भट्टीत घालतंस, मगे धूर काय गोरो येतलो?"

सुलभा माझ्या बोटांकडे बघतच राहिली. टरफलं ती आहेत तशी, तेलासकट जाळत होती. "तेल आधी काढून घेतलं तर? सर, पुढच्या गावात घाणा आहे!" तेल होडीच्या लाकडाला लावायला कोळी नेतात, उरलेलं रंगवाले घेतात. चोथा तेवढा भट्टीत घालायचा. दुपारीच आम्ही चार पोती घाण्यावर नेली, संध्याकाळी चोथा पेटवला. धूर पातळ दिसला. मी टाळ्या वाजवायला गेलो आणि बोटं ठणकली.

काकी बधल्या नाहीत. घरातून हिरव्या काठाची पांढरी चादर आणली आणि भट्टीकडच्या दोरीवर टाकली. "एका सांजेन काय कळणा नाय. आठ दिवस ही हयच ऱ्हवतली. काळी झाली तर माझी तक्रार खरी."

तिसऱ्या दिवशी सकाळी बंदरावर मासळीचा लिलाव पाहिला. मंगल समुद्रात मनसोक्त डुंबली, मी हात वर करून काठावर बसलो. निघताना सुलभाने गाडीच्या काचेपाशी वाकून विचारलं, "सर, चादर काळी झाली तर या बायकांना मी काय सांगू?" आंबोलीत मंगलने भजी मागवली आणि मी एकही खाल्लं नाही, म्हणजे बघा.

घरी आल्यावर बोटांची कातडी निघाली, खाली नवी गुलाबी आली. सुलभाला फोन करायला नंबर लावायचो आणि ठेवून द्यायचो. बाराव्या दिवशी पार्सल आलं. आत दोन किलो काजू, बाहेर जुन्या पद्धतीने सुईदोऱ्याने शिवलेलं पांढरं कापड, त्यावर अनोळखी अक्षरात आमचा पत्ता. कापडाच्या एका कडेला हिरवा काठ होता.

मी वास घेतला. माझ्या नाकावर माझा विश्वास नाही, म्हणून मंगलला दिलं. तिने टाके उसवले, कापड खिडकीशी धरून दोन्ही बाजूंनी पाहिलं, घडी घातली आणि सरळ कपाटात ठेवलं.

"अगं, धुवायला टाक की!"

"काय धुवायचं यात?" ती म्हणाली.