कॅसेटची दुसरी बाजू

बसस्थानकाच्या भोंग्यातून तिचा आवाज आला की पहिले शब्द कायम तेच: "कृपया लक्ष द्या." त्यामुळे खरं नाव मागे पडलं आणि ती सगळ्यांची लक्षद्याताई झाली. चार नंबरची बस सात नंबरच्या फलाटावर लागो, नाहीतर लागूच नये, तिचा सूर हलायचा नाही. नाकातून निघणारा, कडक इस्त्रीचा सूर.

घरी मात्र हीच बाई पोटातून गायची. गाणी लिहायची, चाली लावायची, आणि चाळिशी उलटल्यावर अल्बमचं खूळ तिच्या डोक्यात शिरलं. तळाशी आईची लोकगीतं, त्यावर सोल संगीतातला जड, रडवेला ऑर्गन आणि वर भोवऱ्यासारखी गरगरणारी सायकेडेलिक गिटार.

तिच्या दादाने पहिलं गाणं ऐकलं. "छान आहे हो. पण मिक्सरचं झाकण उडालंय का मध्येच?"

"कानात कापूस घाल."

"घातलाय. तरी येतंय!"

अडलं होतं शेवटच्या गाण्यापाशी. ते आईचं, कपडे धुतानाचं गाणं. शेवटचं कडवं फक्त आईला यायचं, आणि अर्धांगवायूनंतर आईच्या तोंडून "हं"शिवाय काही फुटत नव्हतं. कडवं उरलं होतं एका जुन्या कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला. पहिल्या बाजूला आई नुसती गुणगुणली होती. घरातला टेप कधीच भंगारात गेलेला, त्यामुळे ते कडवं कुणी उतरवूनही घेतलं नव्हतं.

रेकॉर्डिंगवाल्याला सगळे बटण म्हणत. आधी दाबायचा, मग विचारायचा. ताईने ड्यूटीवर पळता पळता कॅसेट त्याच्या हातात कोंबली. "पहिली बाजू झाली की उलटी करून घे रे."

"होऊन जाईल, ताई, होऊन जाईल!"

दुसऱ्या दिवशी ती गेली तर स्पीकरमधून आई "हुंव्श्श... पुश्शूंव" करत होती.

"हे काय?"

"उलटी केली ना! कसलं सायकेडेलिक वाजतंय बघा! कॅसेट खोलली, आतली फीतच पलटून बसवली."

"अरे, बाजू उलटी करायची होती."

"मग तसं म्हणायचं ना, ताई."

"आणि दुसरी बाजू?"

बटणने चहाचा रिकामा कप पुढे सरकवला. त्यात तपकिरी फितीचा चुरा होता. "जुनी होती. काढताना... होऊन..."

रोज शेकडो लोकांना एकच गोष्ट तीन-तीनदा सांगणारी बाई, घरचं काम तेवढं एकदा, तेही चपला घालता घालता सांगून गेली होती.

रविवारी दुपारी तिने आईच्या उशाशी फोन ठेवून अल्बम लावला. बटणने गुणगुणणं सुलट करून दिलं होतं. दादाही ऐकत होता. शेवटचं गाणं कडव्याच्या तोंडाशी आलं आणि संपलं.

आईचा धड हात चादरीवरून उचलला गेला. तळवा पालथा, मग उताणा. पुन्हा पालथा, उताणा.

"पाणी हवंय का गं?" दादाने विचारलं.

"हं!" आई करवादली. हात पुन्हा तसाच फिरला.

ताईला कळलं. तिने फोन उचलला, पालथा केला आणि परत उशीशी ठेवला.

आईने समाधानाने डोळे मिटले आणि वाट पाहू लागली.