स्वयंपाकघरात मोजलेला बॅन्ड गॅप

माझी शाळा चौथीत संपली. ऱ्हस्व-दीर्घ चुकतील, अक्षरही वाकडं येतं, त्याबद्दल माफी. वाचणारी मीच आहे, तरी मागते.

मुलगी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. तिला सोलरच्या सेलचा बॅन्ड गॅप मोजायचा होता. कॉलेजातलं यंत्र बंद पडलेलं आणि दुसऱ्या दिवशी मॅडमना आलेख दाखवायचा, नाहीतर प्रोजेक्टचे मार्क गेले. म्हणून मानपाड्याच्या आमच्या घरी ओट्यावरच मांडामांड केली. बॅन्ड गॅप म्हणजे काय, हे विचारायला मला लाज वाटत होती. तिनेच सांगितलं, "उजेडात निदान एवढा जोर हवा, तरच सेलमधून वीज निघते. तो जोर किती, ते बघायचं."

स्टीलच्या डब्यात कढत पाणी, डब्याला बाहेरून चिकटवलेला सेल, समोर टेबललॅम्प. उजेड शेवटपर्यंत तेवढाच राहायला हवा, म्हणून खिडकीला चादर लावली. पाणी निवेल तसे मीटरवरचे व्होल्ट वाढणार. मी थर्मामीटरचा आकडा सांगायचा, तिने दोन्ही लिहायचे.

"आई, मोठ्याने बोल ना. शेजारणीने ऐकलं तर ऐकू दे, तिला थोडीच मार्क द्यायचेत?"

अर्धं झालं आणि तिन्हीसांज झाली. हाताला सवय. मी उठले, ट्यूब लावली आणि हात जोडले.

"आई! अगं, काय केलंस!"

मीटरचा आकडा उडाला. दचकून तिचा हात लॅम्पला लागला, तोही सरकला. आता सगळं पहिल्यापासून. ती रडवेली झाली. मी ट्यूब बंद केली आणि पाणी पुन्हा गॅसवर ठेवलं.

तेवढ्यात हे कामावरून आले. "घरात अंधार? बिल भरायचं राहिलं का?"

"पप्पा, दार लावा आधी! उजेड येतोय!"

ते दार लावून बाहेरच्या खोलीत भिंतीशी गुपचूप बसले.

आकडे पुरे झाल्यावर तिने ठिपके मांडले. त्यांची रेघ थंडीच्या पार शेवटच्या टोकापर्यंत, उणे दोनशे त्र्याहत्तर अंशांपर्यंत न्यायची, तिथे जो व्होल्टचा आकडा लागेल त्यावरून बॅन्ड गॅप कळतो. कागदाला कागद जोडत ती दारापर्यंत गेली. फूटपट्टी पुरेना. मी शिवणाचा दोरा काढला. एक टोक मी जमिनीवर दाबून धरलं, दुसरं तिने ताणलं आणि वाकून पाहिलं.

"एक पॉइंट दोनच्या जवळ. पुस्तकात एक पॉइंट एक आहे. आलं गं, आई!"

"मग सोडू?"

"नको, हलू नकोस. पेन्सिल फिरवू दे."