केरसुणीच्या तालावर गुरुवंदन

चेम काकांच्या गालात नेहमी काहीतरी असायचं. नव्या माणसाला वाटे, सुपारी. ती होती सनईच्या तोंडाला बसवायची ताडाच्या पानाची पत्ती. कोरडी पत्ती बोलत नाही, म्हणून ते ती दुपारपासूनच गालात भिजत ठेवत. बायकोशी भांडायची वेळ आली की आधी पत्ती काढून वाटीत ठेवत आणि मग तोंड उघडत. तोवर बायको बाजारात पोचलेली असे.

क्राबीच्या आमच्या थाई बॉक्सिंगच्या स्टेडियमात त्यांनी एकतीस वर्षं सनई वाजवली. पत्थलुंगहून एका नाच्यांच्या फडाबरोबर आले, फड मोडला, हे राहिले. दोन ढोलवाले, एक टाळवाला आणि काका. रिंगच्या डाव्या कोपऱ्याला लाकडी माच होता, तिथे चौघं बसत. लढवय्ये रिंगमध्ये उतरले की आधी गुरुवंदन. डोक्याला गुरूने बांधलेलं कडं, चारही कोपऱ्यांना नमस्कार, मग ज्याच्या त्याच्या आखाड्याचा नाच. कुणी दोन मिनिटांत उरकतो, कुणी दहा लावतो. काका त्याच्या पायांकडे बघून वाजवत. मग लढत सुरू झाली की तिच्या तालावर. कुणी खाली पडला की काका थांबत. पंच आकडे मोजायचा तेवढा वेळ सनई गप्प. हा नियम कुठे लिहिलेला नाही. काकांनी पाळला, म्हणून आमच्याकडे तो नियम झाला.

मी गेटबाहेर कोळशावरची कोंबडी आणि चिकट भात विकते. स्टेडियमातल्या रोजंदारीवाल्यांचं मंडळही मीच उभं केलं. बर्फवाले, मालिशवाले, झाडूवाला, वाजंत्री, सगळे त्यात. म्हणून मालकीणबाई वन्नी ताईंची चिठ्ठी आली तेव्हा काका ती घेऊन आधी माझ्या शेगडीपाशी आले.

चिठ्ठीत लिहिलं होतं की एक तारखेपासून वादन स्पीकरवरून होईल, चौघांच्या सेवेबद्दल आभार, आणि पाहुणे म्हणून कधीही यावे. सोबत रिंगजवळच्या खुर्चीचे चार पास. तिथे परदेशी प्रवासी बसतात.

"कुणाची सनई लावणार स्पीकरवर?" मी विचारलं.

"माझीच," काका म्हणाले.

दोन वर्षांपूर्वी स्टेडियम बंद होतं तेव्हा ताईंनी चौघांना बोलावून रेकॉर्डिंग केलं होतं. आठवण म्हणून, असं सांगून. मशीनवाल्याने विचारलं, नाच किती वेळाचा? काका म्हणाले, नाचणारा असेल तेवढा. तो म्हणाला, काहीतरी आकडा सांगा. आता काकांपुढे पंचाईत. समोर पाय नाहीत तर वाजवायचं कुणाकडे बघून? रिंगमध्ये झाडूवाला केर काढत होता. काकांनी त्याच्यावर नजर ठेवली आणि सुरू केलं. त्याची रिंग झाडून झाली, काकांनी सूर खाली ठेवला. तीन मिनिटं भरली. फेऱ्यांचं वादनही असंच अंदाजाने भरून दिलं. मग मशीनवाल्याने सगळ्यांना नूडल्स खाऊ घातल्या आणि चौघं खूश होऊन घरी गेले.

"म्हणजे एक तारखेपासून सगळे लढवय्ये केरसुणीच्या तालावर नाचणार?" मी म्हणाले. "काका, तुम्हाला कुणी गंडवलं नाही, तुम्ही स्वतःच गळफास विणून दिलात!"

"हो," काका म्हणाले. "पण वाजवलं बरं होतं."

मी संतापले. फलक रंगवायला घेतले, गेट अडवायचं ठरवलं. ढोलवाला थुआन तयार होता. त्याच्याकडे दोन ढोल, घरी तीन मुली, आणि दुसरं कुठलंही काम त्याला येत नाही. काकांनी मात्र हात वर केला.

"आधी मला एकदा बघू दे. एकतीस वर्षं एकाच कोपऱ्यातून पाठीच बघितल्या. पास आलेत, तर बघतो."

"तुमच्या जागेवर स्पीकर बसवलाय आणि तुम्ही तमाशा बघायला जाणार?"

"पाहुणा म्हणून बोलावलंय ना, पोरी. मग पाहुण्यासारखं जायचं."

दोन तारखेला काका इस्त्रीचा निळा सदरा घालून आले. सनई घरी. गालात पत्ती, सवयीने. एका उंच गोऱ्या बाईच्या आणि तिच्या नवऱ्याच्या मधल्या खुर्चीत बसले. मी काड्यांना लावलेल्या कोंबडीचं ताट घेऊन आत घुसले आणि जिन्यापाशी उभी राहिले.

पहिल्या लढतीत दुसऱ्या फेरीला एक जण कोपर लागून आडवा झाला. पंच आकडे मोजू लागला. स्पीकरवरची सनई नाचतच होती. काकांचा हात मांडीवरून उचलला गेला, थुआनला थांबवायला उचलायचे तसा. मग खाली ठेवला. गोऱ्या बाईने त्यांना शेंगदाणे दिले. पत्तीमुळे त्यांना खाता येईना, त्यांनी ते खिशात टाकले.

तिसऱ्या लढतीला दमरोंग आला. त्रांगचा, चौतीस वर्षांचा, गुडघ्याला पट्टा. त्याच्या आखाड्याचा नाच जुना आणि लांबलचक. नमस्कार करत तीन कोपरे बंद करायचे, मग एका गुडघ्यावर बसून तीनदा झुलायचं, मग उठून चौथा कोपरा बंद करायचा. समोरचा पोरगा दीड मिनिटात मोकळा होऊन दोरखंडाला टेकून उभा राहिला. दमरोंग तिसऱ्या कोपऱ्यात पोचला, गुडघा टेकला, एकदा झुलला, आणि सूर संपला. झाडूवाल्याचा केर काढून झाला होता.

दमरोंग तसाच बसून राहिला. गुरुवंदन अर्ध्यावर सोडून उठणारा माणूस आमच्याकडे लढत नाही, घरी जातो. पंचाने घड्याळ बघितलं. स्पीकरवाल्याने घाईत दुसरंच बटण दाबलं, पाचव्या फेरीचं धावतं वादन सुरू झालं, आणि वरच्या पायऱ्यांवरचे पैजवाले शिट्ट्या मारायला लागले.

"अरे, त्याला झुलायचंय, पळायचं नाहीये!"

"बंद कर ते! लग्नाची वरात आहे का?"

वादन बंद झालं. दमरोंगचा गुडघा जमिनीवरच. प्रवाशांनी मोबाइल वर केले, त्यांना वाटलं, हे असंच असतं. तेवढ्यात वरून कुणाची तरी नजर गेली.

"चेम काका खाली बसलेत! काका, गोरे कधी झालात?"

"काका, गाल दुखतायत की काय? वाजवा की!"

काकांनी मागे बघितलं. माचावर स्पीकर. मग दमरोंगकडे बघितलं. जिभेने पत्ती ओठात आणली आणि खुर्चीत बसल्या बसल्या फुंकली.

सनईशिवाय नुसती पत्ती वाजवली की बदकाची मान पिरगाळल्यासारखा आवाज येतो. तसाच आला. माणसं हसली. काका फुंकत राहिले, नाकाने श्वास आत, गालाने बाहेर, सूर न तोडता, डोळे दमरोंगच्या गुडघ्यावर. दमरोंग दुसऱ्यांदा झुलला. तिसऱ्यांदा झुलला. उठला, चौथा कोपरा बंद केला. त्याच्या गुरूने कडं काढून घेतलं तेव्हा बदक थांबलं.

दमरोंग गुणांवर हरला. त्याचा या गोष्टीशी संबंध नाही.

मध्यंतरात वन्नी ताई स्वतः खुर्च्यांपाशी आल्या. माझ्याकडे बघायचं टाळून म्हणाल्या, "काका, लोकांना आवडलं. तुम्ही रोज येत जा. इथेच बसा, खुर्चीत. एकटे. प्रवासी फोटो काढतील."

मी तोंड उघडणार होते. काकांनी आधी पत्ती काढली, रुमालात ठेवली. भांडायच्या वेळी ठेवत तशी. ताई निघून गेल्या नाहीत.

"एकट्याचं काय होतं ते ऐकलंत ना, ताई? बदक होतं. ढोल नसेल तर मी बदक."

"चौघं परवडत नाहीत मला."

"मग मला पाहुणाच राहू द्या. उरलेले पास आहेत. तिघांनाही घेऊन येईन."

"आणि पुढच्या वेळी कुणी अर्ध्यावर अडकला तर?"

"पाहुण्याने मध्ये बोलू नये," काका म्हणाले.

ताईंनी वर बघितलं. वरच्या पायऱ्यांवर कुणीतरी अजून बदकासारखं ओरडत होतं. पैजवाले उठून दुसऱ्या स्टेडियमात जायला लागले की काय होतं, हे ताईंना माझ्यापेक्षा चांगलं कळतं.

बुधवार आणि शनिवार चौघं माचावर, असं ठरलं. बाकीचे दिवस स्पीकर. मी काकांवर चिडले. सात दिवसांची मागणी होती, दोन घेऊन गप्प बसले! थुआनही चिडला, पण बुधवारी वेळेआधी तासभर येऊन ढोलाची कातडी ताणत बसला.

त्या बुधवारी लांबच्या गावाहून आलेल्या एका लढवय्याने गुरुवंदनाला नऊ मिनिटं लावली. वरचे पैजवाले कंटाळून शिव्या द्यायला लागले. माझी कोंबडी गार झाली. काकांनी त्याच्या पायांवरची नजर काढली नाही, आणि त्याला घाईही केली नाही.