काळे साहेबांची वायर

आमची पोस्ट उंचावर, बर्फात होती. मी सिग्नल्सचा हवालदार. रेडिओ सेट चालू ठेवणं माझी ड्यूटी. दिवसा सोलर पॅनेलवर बॅटऱ्या भरायच्या, रात्री सेट त्यांच्यावर चालायचा. बॅटरी फार उतरली की कंट्रोलर सप्लाय तोडतो, म्हणून ती वाचते. सुभेदार काळेंना ते तोडणंच नको होतं. त्यांनी कंट्रोलर वगळून बॅटरीवरून थेट वायर ओढली आणि आपल्या बंकरात हीटर लावला. मी हटकलं तर म्हणाले, "सुभेदार तू का मी?"

एका पहाटे लान्स नायक विलास बोरकरच्या उंचीमुळं छातीत पाणी झालं. चरोद्याच्या रेल्वे कॉलनीतला पोरगा, माझ्या भिलाईकडचा. हेलिकॉप्टर मागवायला सेट उचलला, तर सेट बंद. रात्रभर हीटर चालून बॅटऱ्या इतक्या उतरल्या होत्या, की ऊन आलं तरी कंट्रोलरला त्या दिसेनात. मग इमर्जन्सी दिव्याची छोटी बॅटरी जोडीला लावली. सेट चालवायची ताकद तिच्यात नव्हती, पण कंट्रोलर फसला आणि चार्जिंग सुरू झालं. अशा बॅटरीला घाई चालत नाही. करंट हळूहळूच जातो.

"दादा, लागला का सेट?" विलासनं विचारलं.

"लागून राहिला. तू बोलू नको."

दुपारी सेट लागला. "कॅज्युअल्टी वन, इव्हॅक्युएशन अर्जंट, ओव्हर."

पलीकडून आलं, "वेट, आउट." म्हणजे थांबा, आम्हीच कळवू.

तेवढ्यात विलास गेला. काळेंनी वर कळवलं, पॅनेल बर्फानं झाकलं होतं. विलासच्या आईलाही तेच सांगण्यात आलं. सुभेदारापुढं माझं कोण ऐकणार? मी डूख धरून बसलो.

रिटायर होऊन मी भिलाईत बॅटरी दुरुस्तीचं दुकान टाकलं. काळेंनी तिथंच नेहरू नगरात घर बांधलं, गावाबाहेर सोलरवर पोल्ट्री काढली. गेल्या उन्हाळ्यात त्यांचा फोन आला.

"हवालदार, बॅटऱ्या चार्जच घेऊन नाही राहिल्या. पंखे बंद हायेत. कोंबड्या मरून राहिल्या."

गेलो. बघतो तर कंट्रोलर वगळून थेट वायर. सुंभ जळला तरी पीळ जात नाही. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू.

"होतील चार्ज. पैले चरोद्याले चला. विलासच्या आईले सांगा, वायर कोनाची होती."

"पागल झाला का? इतक्या वर्षानं?"

"मंग मरू द्या कोंबड्या."

त्यांनी शेडकडं बघितलं. मग गाडीत बसले.

विलासच्या आईसमोर त्यांनी उभ्यानंच सगळं सांगितलं. म्हातारीनं शेवटी विचारलं, "हीटर कावून लावला होता?"

"थंडी वाजत होती."

"माह्या विलासले वाजत नसन?"

शेजारच्या बायका दारात जमल्या होत्या, मी त्यांना हटकलं नाही.

परत जाऊन मी शब्द पाळला, बॅटऱ्या भरायला लावल्या. निम्म्या कोंबड्या गेल्या होत्या. मला काही वाटलं नाही. लान्स नायक विलास बोरकर बर्फानं मेला नाही, हे आता चरोद्यात सगळ्यांना माहीत आहे.